शेळ्यांची तोंडं बांधली तो दिवस

शेळीचं तोंड बांधायचं तर चिंधी आधी ओली करून घ्यावी लागते. कोरडी चिंधी सैल पडते, आणि शेळीची जात अशी, की चिंधी सैल पडली की नेमकी नको त्या घटकेला ओरडणार. गाथोनीला हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. दुधाचे दात पडायच्या वयात तिनं आपल्या आईला हे करताना पाहिलं होतं, आणि आता नातवंडं खेळवायच्या वयाला आली तरी तिचे हात तेच करत होते. शेळ्या किती होत्या ते विचारू नका. आमच्यात माणसं आणि जनावरं मोजत नाहीत. मोजलेलं सरतं.

नुकतं उजाडत होतं. खाली कुरणावर दंव पांढरं पडलं होतं आणि हॅलम साहेबाच्या मळ्यावरची सगळी मजूरवस्ती डोंगराच्या अंगानं वर, बांबूच्या रानाकडे निघाली होती. बायकांच्या पाठीवर मडकी, कातडी, मक्याची पोती; ओझ्याचा पट्टा कपाळावरच्या जुन्या खोबणीत घट्ट बसलेला. पोरांना दटावायचीही गरज नव्हती. आमची पोरं चालायला शिकतात त्याच्या आधी गप्प बसायला शिकतात.

आदल्या दिवशी पायरेथ्रमच्या मळ्यात कीटकनाशकासाठी फुलं खुडणाऱ्या बायकांपाशी मुकादम आला होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, "उद्या सकाळी मोजणीवाला येतोय. मी काही बोललो नाही हं!" बायकांचे हात फुलांवरच थिजले. पुढे कुणी काही विचारलं नाही. अंधार पडायच्या आत झोपड्यांची दारं उतरली, खाटा मोडल्या, छपरांवरचं थोडं गवतही ओरबाडून टाकलं. इथं वर्षानुवर्षं कुणी राहत नाही असं दिसेल, इतकी वस्ती उजाड करायला आम्हाला एक संध्याकाळ पुरायची. सरावाचं काम.

हा सराव काही हौसेनं झालेला नव्हता. गाथोनी लहान असताना झाडू फिरला. गोऱ्यांनी ठरवलं, मजुरानं मळ्यावर राबावं, पण मजुराच्या शेळ्यांनी मळ्याचं गवत खाऊ नये. आधी वहीवाला माणूस आला. हसतमुख होता, पोरांना त्यानं गोळ्याही वाटल्या. मोजून गेला. मग शिपाई आले आणि दुपारपर्यंत तिच्या वडिलांचा गोठा झाडल्यासारखा साफ झाला. वडील त्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले ते जेवायलाही बाहेर आले नाहीत. त्या वर्षाचं नावच आमच्याकडे 'झाडू' पडलं.

मग गोऱ्यांविरुद्ध बंड उठलं, सरकारनं आणीबाणी लावली, आणि वही पुन्हा आली. या खेपेला वहीसोबत बंडवाले दाखवून देणारा एक माणूस होता, ओळखू येऊ नये म्हणून डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पोत्यात घातलेला. पोत्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. वस्तीतल्या सगळ्या पुरुषांना कुरणात ओळीनं बसवलं होतं. पोतं एकेकासमोरून चालत गेलं. ज्याच्यासमोर पोत्यानं मान हलवली, त्याचं नाव वहीत. गाथोनीच्या नवऱ्यासमोर, म्बोगोसमोर, ते थांबलं आणि मान हलली. म्बोगो लॉरीत चढला. लॉरी परत आली, म्बोगो आला नाही. मेला म्हणावं तर कुणी सांगितलं नाही, आहे म्हणावं तर कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून सरकारी माणसासमोर तिनं त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. कुणी विचारलंच तर, "तापानं गेला," म्हणायची.

तर वही म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

आता झेंडा बदलून दोन महिने झाले होते. नवं सरकार गोऱ्यांचे मळे योग्य मोल देऊन विकत घेणार आणि तुकडे पाडून बिनजमिनीच्या लोकांना देणार, असं रेडिओवर येत होतं. सगळ्यांनी ते ऐकलं होतं, नाचही झाले होते. पण कानानं ऐकलेलं पोटात उतरायला वेळ लागतो, आणि आमच्या पोटात भीती आधीपासून जागा धरून बसलेली.

बांबूच्या रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला एक दडायची जागा होती. तिथं सगळे दाटीवाटीनं बसले. गाथोनीची सासू न्यागुथी झाडाला टेकून बसली. जड दागिन्यांनी ताणून लोंबत्या झालेल्या कानांच्या पाळ्या तिनं थंडीनं वर गुंडाळून घेतल्या होत्या. मांडीवर तोंड बांधलेलं करडू. वस्तीतला सगळ्यांत वडीलधारा माणूस किरागू मध्ये उभा होता, हातात कोयता. झाडूच्या वर्षी सगळ्यांत जास्त त्याचंच गेलं होतं, म्हणून अशा वेळी त्याचा शब्द चाले.

"कुणी बोलायचं नाही, चूल पेटवायची नाही, आणि खोकायचं तर मुळीच नाही," तो कुजबुजला. "खोकायचा हक्क खाली एकालाच आहे."

दोनचार बायकांनी अंगावरच्या कापडात तोंड खुपसून हसू दाबलं. हॅलम साहेबाला मळ्यावर सगळे खोकल्या म्हणत. माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला यायचा, आणि खोकला आला की वाकलेल्या पाठी आणखी वाकायच्या.

एवढ्यात खालून कुणीतरी धडपडत वर येताना दिसलं. अंगात पांढराशुभ्र झगा. खोकल्याच्या घरचा स्वयंपाकी, मुगो.

"अरे तो झगा काढ, मूर्खा!" किरागू दात-ओठ खात म्हणाला. "कोसभरावरून दिसतोयस!"

"दिसू दे!" मुगोला धाप लागली होती. "तुम्ही इथं का बसलात? खाली चला. सगळे चला, शेळ्यांसकट चला."

"आला साहेबाचा चमचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"चमचा म्हणा, पळी म्हणा, पण आधी ऐका. काल जेवताना खोकल्या बाईसाहेबाला सांगत होता. मी सूप वाढत होतो. मला काय कळतंय असं त्यांना वाटतं. आज येतोय तो शेळ्या मोजणारा नाही. जमिनीचं मोल ठरवणारा आहे. सरकार हा मळा घेतंय. रिकाम्या जमिनीचं मोल वेगळं आणि माणसं बसलेल्या जमिनीचं वेगळं. माणसं असली तर तुकडे आधी त्यांना द्यावे लागतात, म्हणून मोल उतरतं. तर खोकल्या म्हणाला, 'मुकादमाकडून नुसतं कानावर घातलंय. पळतील. पळायची सवयच आहे त्यांना.' आणि हसला."

मुगोनं सगळ्यांकडे बघितलं.

"आज कागदावर नाव आलं तर इथं जमीन. नाही आलं तर मळा रिकामा होता असं लिहिणार, तुकडे बाहेरच्यांना जाणार आणि आपण रस्त्यावर."

"आपण?" किरागूनं कोयत्याचं टोक त्याच्या झग्याला लावलं. "तू कधीपासून आमच्यातला झालास रे? त्यांच्या ताटातलं उरलेलं खातोस तेव्हा 'आपण' नसतं."

"उरलेलं खातो म्हणूनच ऐकू येतं, बाबा."

"सापळा आहे हा. झाडूवालाही गोळ्या वाटत आला होता." किरागू लोकांकडे वळला. "दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि इथं तर दुधानं जीभच गेलीय. कुणी हलायचं नाही."

गाथोनी खाली मान घालून ओली चिंधी पिळत बसली होती. तिला मुगोचा भरवसा नव्हता. मुगो खरंही बोलायचा, खोटंही बोलायचा, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यानं. पण तिला वेगळीच गोष्ट टोचत होती, आदल्या दिवसापासून. चिंधी पिळता पिळता ती कधी बोलून गेली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"मांजर कधी उंदराला वेळ कळवून येतं का?"

"काय म्हणालीस, गिथाएची आई?" किरागूनं विचारलं. गिथाए तिचा मुलगा, नाकुरूच्या गॅरेजात कामाला.

"आजवर किती वेळा आले," ती म्हणाली. "झाडू आला, पोतं आलं. कधी कुणी आदल्या दिवशी सांगून आलं का? मुकादम तर तेव्हाही होता. त्यानं कधी सांगितलं होतं? मग आताच त्याला आपली एवढी दया का आली?"

रानात वाऱ्यानं बांबू करकरले. लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि बघता बघता पुन्हा खाली बघू लागले. पटण्याचं तेच वाईट असतं. पटलं की उठावं लागतं.

"जा मग," किरागू शांतपणे म्हणाला. त्याचा तो शांतपणा ओरडण्यापेक्षा वाईट होता. "ज्याला खाली जायचं त्यानं जावं. पण पोतं घालून जावं, म्हणजे आम्हाला ओळखायला सोपं. पोतंवाल्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवतंय."

सगळ्यांना आठवत होतं. एक नदीत सापडला होता. दुसऱ्याला ओळखायला त्याच्या आईला त्याचा पाय बघावा लागला होता.

गाथोनीला वाटलं, इथंच बसावं. बसणाऱ्याचं कधी नाव निघत नाही. खाली गेलं आणि मुगो खोटा निघाला, तर शेळ्या जाणार, झोपडी जळणार, आणि वस्ती म्हणणार गाथोनीनं दाखवलं. मुगो खरा निघाला आणि आपण बसून राहिलो, तर कुणी काहीच म्हणणार नाही. सगळे मिळून गप्प रस्त्यावर येतील. तिला दोन्हीची भीती वाटत होती, सारखीच.

सासूनं डोळे मिटूनच म्हटलं, "जायचं तर लवकर जा. गोरा माणूस बाराच्या ठोक्याला जेवायला निघून जातो."

म्हातारी जा म्हणाली की जाऊ नको म्हणाली, हे गाथोनीला आजही सांगता येत नाही. पण ती उठली. कपाळावरचा पट्टा काढून तिनं ओझं सासूशेजारी ठेवलं. किरागूच्या अंगावरूनच वाट होती. तो बाजूला झाला नाही, आडवाही आला नाही. मुगो तिच्या मागे निघाला तसा ती म्हणाली, "तू मागच्या वाटेनं जा. झगा घातलेला माणूस माझ्याबरोबर नको."

उतारावर तिला दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा तर तिला आडोशाला जावं लागलं, भीतीनं. ही गोष्ट तिनं पुढे स्वतःच हसत सांगितली, म्हणून मी सांगतो. त्या वेळी मात्र हसायला काही नव्हतं. तिला वाटत होतं, आपल्या डोक्यावर खरोखरच पोतं आहे आणि जग दोन भोकांतून दिसतंय.

वस्तीच्या कडेला सरकारी गाडी उभी होती. दारं नसलेल्या झोपड्यांमधून तिघे फिरत होते. एक उंच गोरा, चष्मेवाला, हातात फळीवर अडकवलेले कागद. एक टक्कल पडलेला, आमच्यातलाच कारकून, कोट घातलेला, वहीसह. आणि तिसऱ्याचा खोकला तिनं आधीच ऐकला होता.

खोकल्यानं तिला बघितलं आणि त्याचा खोकला मध्येच थांबला. मग चष्मेवाल्याकडे वळून तो इंग्रजीत भराभर काही बोलला, डोक्यापाशी बोट फिरवत.

कारकुनानं आमच्या भाषेत विचारलं, "बाई, साहेब म्हणतात तू वेडी आहेस. जंगलात राहतेस, इथं मागायला येतेस. म्हणतात, गेल्या वर्षीच सगळे मजूर सोडून गेले, इथं कुणी राहत नाही. खरं का?"

गाथोनीनं तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. शेळीचं तोंड बांधावं तसं तिचं तोंड आतून बांधलेलं होतं. चष्मेवाल्यानं घड्याळ बघितलं आणि कागदावर पेन टेकवलं.

मग तिनं बोलायचं सोडूनच दिलं. ती वळली आणि समोरच्या झोपडीत शिरली. तिचीच होती. मधोमध चुलीचे तीन दगड, आणि त्यांच्यामध्ये राखेचा ढीग, गार दिसणारा, वरून हातानं सारवलेला. ती गुडघ्यावर बसली, बोटांनी राख बाजूला केली आणि वाकून फुंकली. एक निखारा लाल झाला. मग दुसरा. तिनं छपरातली गवताची काडी ओढून त्यावर ठेवली आणि धूर झाला.

आता हे आमच्या बायकांनाच सुचणारं. दार काढतील, खाट मोडतील, छप्पर ओरबाडतील, पण चूल विझवणार नाहीत. चूल विझली की घर मेलं. पळायच्या घाईतही प्रत्येकीनं निखाऱ्यांवर राख ओढली होती, परत येऊ तेव्हा फुंकता यावं म्हणून. मुकादम पुरुष होता. त्यानं घरं बघितली, चुली बघितल्याच नाहीत.

कारकून दारात उभा राहून बघत होता. तो पुढच्या झोपडीत गेला आणि तिथली राख त्यानं बुटाच्या टोकानं हलवली. मग त्याच्या पुढच्या. चष्मेवाला साहेब त्याच्या मागोमाग गेला, एका चुलीपाशी वाकला, राखेत बोट घातलं आणि "आह!" करून तोंडात घातलं. बाहेर येऊन त्यानं खोकल्याकडे बघितलं. तो रागावलेला नव्हता. भाजलेलं बोट चोखत नुसता बघत होता. खोकल्याला जोराची ढास लागली.

"साहेब विचारतात, घरं किती?" कारकून म्हणाला. "माणसं किती?"

गाथोनीला आता बोलता येत होतं, पण हे तिला सांगता येणार नव्हतं.

"मोजत नाही आम्ही."

"अगं, कागदावर आकडा लागतो."

"तुमची आई मोजते का?"

कारकुनाचं टक्कल जरा लाल झालं. "नाही मोजत," तो हळू आवाजात म्हणाला. "बरं. मग नावं सांग. एकेक घर दाखव आणि नाव सांग. रेघा मी मारीन, तू मोजू नकोस."

नावं! गाथोनीला वाटलं, आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं. आकड्याला तोंड नसतं, आकड्याला रात्री घरी येऊन कुणी मारत नाही. नावं तर पोत्यानं दिली होती. तिच्या समोर आमच्यातलाच एक कोटवाला वही उघडून उभा होता, शेजारी गोरा, गाडी तयार, आणि ती एकटी बाई वर रानात लपलेल्या माणसांची नावं सांगायला निघाली होती. म्बोगोचं नाव असंच कुणीतरी सांगितलं असेल. त्यालाही कुणीतरी काहीतरी चांगलंच वचन दिलं असेल.

"सांगायचं नसेल तर नको सांगू," कारकून म्हणाला. "मी काय, 'काही घरं' असं लिहीन. पण 'काही'ला जमीन मिळत नाही."

ती पहिल्यांदा किरागूच्या झोपडीपाशी गेली. मारायचं तर आधी तोच मारणार होता, त्याचंच आधी होऊन जाऊ दे.

"हे किरागूचं."

"बापाचं नाव?"

"म्वांगीचा किरागू."

पेन चाललं. पेनाचा तो आवाज तिला तिच्या कानात ऐकू येत होता. ती पुढच्या झोपडीपाशी गेली. "हे वारिगियाचं, विधवा." पुढच्या. "हे गाचेरूचं, दोन बायका." प्रत्येक दारासमोर ती थांबायची, नाव सांगायची, आणि प्रत्येक नावागणिक तिला वाटायचं, आपली मान हलली. गाचेरूच्या धाकटीचं नाव तिला आठवेचना. ती रडकुंडीला आली, कारकून म्हणाला, "घाई नाही," आणि मग आठवलं. खोकल्या थोडं अंतर राखून मागे येत होता. त्याच्या घराच्या मागची खोली दाखवून तिनं मुगोचं नाव सांगितलं तेव्हा खोकल्यानं मान वळवून पार आपल्या बंगल्याकडे बघितलं. तेव्हा मात्र तिला त्या माणसाकडे बघून एक क्षणभर काहीतरी वाटलं. तोही घाबरलेला होता. चाळीस वर्षं इथं काढून आता त्याला अशा थंड देशात जायचं होतं जिथं त्याला बघून एकही पाठ वाकणार नव्हती. पण हे फार वेळ वाटलं नाही. तिच्याकडे तेवढी सवड नव्हती.

शेवटी ते पुन्हा तिच्याच झोपडीपाशी आले. चुलीचा धूर अजून येत होता.

"आणि हे?"

"माझं. गाथोनी."

"नवरा?"

तिच्या तोंडाशी 'तापानं गेला' आलंच होतं. ते ओठावरून सवयीनं घरंगळणार, एवढ्यात तिनं वहीकडे बघितलं. त्या पानावर आता तिनं सांगितलेली सगळी नावं होती. दुसऱ्यांच्या नवऱ्यांची, दुसऱ्यांच्या बापांची. स्वतःच्याचं मागे ठेवून इतरांची द्यायची, हे तर नेमकं पोत्यानंच केलं होतं.

"म्बोगो," ती म्हणाली. "गिथाएचा म्बोगो. सासऱ्याचंच नाव मुलाला ठेवलंय. त्याला लॉरीतून नेलं. परत आला नाही."

कारकुनाचं पेन थांबलं.

"मयत लिहू?"

"मेला असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला? नाही."

"मलाही नाही."

कारकुनानं एकदा चष्मेवाल्याकडे बघितलं. तो बोटाला रुमाल गुंडाळत होता. मग त्यानं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं लिहिता लिहिता सांगितलं, "घर गाथोनीचं. नवरा म्बोगो, येणं बाकी." आणि वही मिटली.

गाथोनीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

"आता ऐक," कारकून म्हणाला. "नावं मी लिहिली. पण साहेबांना माणसं दिसायला हवीत. नावासमोर माणूस उभा राहिला नाही तर ते नाव खोडतात. ते आज जेवायला थांबतील, बोट भाजलंय, बंगल्यावर औषध लावतील. सूर्य माथ्यावरून ढळला की आम्ही निघणार. तोवर सगळे खाली दिसले पाहिजेत. उघड्यावर, आपापल्या दारात."

म्हणजे अजून झालंच नव्हतं. उलट आता तर खरं होतं.

चढावर ती बसली नाही. बसली असती तर उठली नसती. रानाच्या तोंडाशी पोचली तेव्हा तिचा ऊर फुटायला आला होता. सगळे तसेच बसलेले होते, तेच चेहरे, तीच बांधलेली तोंडं. किरागू दगडावर बसला होता, कोयता गुडघ्यांवर आडवा. तिच्या मागे शिपाई येताहेत का, म्हणून तो आधी तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मागे नुसते बांबू होते.

"काय सांगून आलीस?"

तिनं ठरवलं होतं, आधी जमिनीचं सांगायचं, मग चुलींचं, मग हळूहळू नावांचं. पण तोंडातून निघालं ते हेच.

"नावं सांगून आले. सगळ्यांची."

कुणीतरी "आई गं!" म्हटलं. गाचेरूची धाकटी तोंडावर हात ठेवून रडू लागली. किरागू उठला. कोयता त्याच्या हातातच होता, आणि गाथोनीच्या मनात काही विचार आला असेल तर तो एवढाच, की सासूच्या मांडीवर ते करडू आहे, म्हातारीला धक्का लागायला नको.

"माझं?"

"तुमचं पहिलं, बाबा."

"आणि शेळ्या?" तो म्हणाला. "शेळ्या किती सांगितल्यास?"

"शेळ्यांचं कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"विचारलंच नाही, बाबा. एका शब्दानं नाही. त्यांच्याकडे शेळ्यांसाठी कागदच नाही. नुसती आपली नावं घेतली. आपापल्या दारात उभं राहा म्हणालेत, सूर्य ढळायच्या आत. उभं राहिलं नाही तर खोडणार."

"विचारलंच नाही?" किरागू पुन्हा म्हणाला. कुणीतरी आपल्याला फसवलंय, आणि कुणी ते नेमकं कळत नाही, असा त्याचा चेहरा झाला होता. सगळं आयुष्य त्यानं जी तोंडं बांधली होती, त्यांच्याबद्दल कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. तो मटकन खाली बसला. त्याची म्हातारी शेळी शेजारीच होती. त्यानं कोयता खाली ठेवला आणि तिच्या तोंडाची चिंधी सोडली.

शेळी ओरडली. मोठ्यानं, लांबवर जाईल अशी.

सगळे एकदम खाली वाकले. पोरांना आयांनी उराशी दाबलं, एकीनं आपल्या तान्ह्याच्या तोंडावर हात ठेवला. मीही वाकलो. तिथं कुणी शिपाई नव्हता, कुणी येत नव्हतं, आणि तरीही आम्ही वाकलो होतो, आणि कुणालाच पुन्हा सरळ होता येईना.

गाथोनीलाही नीट उभं राहता येत नव्हतं. पण सूर्य बांबूंच्या शेंड्यांवर आला होता. तिनं सासूपाशी ठेवलेलं ओझं पाठीवर घेतलं, पट्टा कपाळावरच्या खोबणीत बसवला आणि म्हातारीच्या मांडीवरच्या करडाची चिंधी सोडली. "चल, आई," ती म्हणाली. म्हातारीनं तिचा दंड धरला.

उघड्या कुरणावरून, कुणालाही दिसेल असं, दोघी उतरू लागल्या. गाथोनीनं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय थांबले असते. थोड्या वेळानं मागे एक शेळी ओरडली, मग दुसरी, मग बऱ्याच अंतरावर आणखी एक. पावलांचे आवाजही येत होते. किती जण आहेत ते तिनं मोजलं नाही.